मुंबईतील संशोधनाधिष्ठित अध्यापन आणि विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार : १८४८ ते १९५९

विषयप्रवेश

विद्यार्थ्याने विद्यापीठात यावयाचे ते सिद्ध ज्ञान ग्रहण करण्यासाठी, की अद्याप सिद्ध न झालेल्या ज्ञानाच्या शोधात सहभागी होण्यासाठी? युरोपात १८१० साली बर्लिन विद्यापीठाच्या स्थापनेबरोबर या प्रश्नाला एक निश्चित उत्तर मिळाले. अध्यापक स्वतः संशोधक असावा आणि विद्यार्थ्याने त्याच्या संशोधनकार्यात वावरून शिकावे, ही कल्पना तेथे रुजली व पुढे रांकेसारख्या इतिहासकाराच्या चर्चावर्गातून ती इतर देशांत पोचली. आपल्याकडे हाच प्रश्न बहुधा धोरणाचा प्रश्न म्हणून चर्चिला जातो. अभ्यासक्रमात संशोधनाला किती गुण असावेत, प्रबंध सक्तीचा असावा की ऐच्छिक, अशा स्वरूपाची ती चर्चा असते. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न इतिहासाच्या अंगाने मांडावयाचा आहे.

मुंबई शहरात, विशेषतः कोटापासून गिरगाव-परळपर्यंतच्या टापूत, विद्यार्थ्यांच्या हाती संशोधनाचे काम सोपविण्याचे काही प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून झाले. त्यांपैकी काहींतून स्वतंत्र बुद्धीचे अभ्यासक निर्माण झाले. असे अभ्यासक नेमके कोणत्या परिस्थितीत निर्माण झाले आणि त्या परिस्थितीत कोणती उणीव राहून गेली, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. सर्जनशील विचार हा शब्द येथे मर्यादित अर्थाने वापरला आहे. उपलब्ध सामग्रीला पूर्वी कोणी न विचारलेला प्रश्न विचारणे आणि मिळालेले उत्तर गुरूच्या वा परंपरेच्या मताविरुद्ध गेले तरी ते मांडणे, एवढाच त्याचा अर्थ येथे अभिप्रेत आहे.

विद्यापीठापूर्वीचा विद्यार्थी

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. परंतु विद्यार्थ्यांनी स्वतः विषय निवडून निबंध लिहावेत, ते सहाध्यायांपुढे वाचावेत व त्यांवर वाद व्हावा, हा प्रघात त्यापूर्वीच येथे सुरू झाला होता. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी १८४६ मधील आपल्या अकाली निधनापर्यंत अध्यापन केले. वर्गात गणित व इतर विषय शिकविणारा हा अध्यापक शिलालेख-ताम्रपटांचे वाचन करी आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांवर निबंध लिही. शिकविणे आणि शोधणे ही दोन्ही कामे एकाच माणसाने करावयाची असतात, हे मुंबईतील एतद्देशीय विद्यार्थ्यांनी प्रथम पाहिले ते बहुधा त्यांच्याच उदाहरणात.

जून १८४८ मध्ये याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ ही सभा स्थापन केली. इंग्रजी निबंधवाचनाबरोबरच मराठी व गुजराती भाषांतून ज्ञानप्रसार करणाऱ्या शाखाही तिने काढल्या. मराठी शाखेचे, म्हणजे उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे, अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे होते आणि तिच्या प्रेरणेने १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड ही नावे या सभेच्या इतिहासाशी निगडित आहेत.

या सभेच्या कार्यातील एक घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. स्त्रीशिक्षणाविषयी सभेत वाचल्या गेलेल्या निबंधावर चर्चा झाली, आणि ती चर्चा सभागृहात संपली नाही. १८४९ मध्ये सभेच्या तरुणांनी मुलींच्या शाळा उघडल्या. आरंभी त्यांतील कित्येक जण स्वतःच विनावेतन, सकाळच्या वेळी, तेथे शिकवीत. मुलींना शाळेत पाठविण्यास पालकांचे मन वळविण्यासाठी ते घरोघर हिंडले. गिरगावात नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात अशा एका शाळेला जागा दिली. निबंधातील प्रमेयाची परीक्षा अशा प्रकारे गिरगावच्या गल्ल्यांत झाली. स्त्रियांना शिक्षण का मिळत नाही या प्रश्नाचे पुस्तकी उत्तर आणि एखाद्या घराच्या ओसरीवर उभे राहून मिळालेले उत्तर यांत किती अंतर असते, हे त्या तरुणांना कळले असले पाहिजे.

या प्रयत्नाला परीक्षा नव्हती, पदवी नव्हती आणि अभ्यासक्रमही नव्हता. प्रोत्साहन देणारे अध्यापक, निबंधाला विरोध करू शकणारे सहाध्यायी आणि दाराबाहेरचे शहर, एवढीच त्याची साधनसामग्री होती. भाऊ दाजी पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून वैद्य होऊन बाहेर पडले. परंतु अजिंठ्याचे लेख वाचणे असो, कालिदासाचा काल ठरविणे असो, की कुष्ठरोगावरील औषधाचा शोध असो, निबंध लिहून पुराव्यानिशी मांडण्याची विद्यार्थिदशेतील सवय त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

परीक्षा घेणारे विद्यापीठ

१८५७ च्या अधिनियमाने स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेले होते. अध्यापन महाविद्यालयांनी करावे व विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदव्या द्याव्यात, अशी ही विभागणी होती. या व्यवस्थेचे लाभ कमी नव्हते. जातीच्या वा घराण्याच्या आधाराशिवाय केवळ उत्तरपत्रिकेच्या बळावर मान्यता मिळविण्याचा मार्ग तिने, निदान तत्त्वतः, खुला केला. १८६२ मध्ये बी. ए. झालेल्या पहिल्या चार पदवीधरांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते, ही गोष्ट तिच्या कर्तृत्वाची साक्ष म्हणून सांगितली जाते व ते योग्यही आहे.

परंतु भांडारकर संशोधक झाले ते परीक्षेमुळे, असे म्हणता येत नाही. एका पारशी गृहस्थाने वाचून घेण्यासाठी त्यांच्याकडे एक ताम्रपट आणला आणि त्याच्या वाचनाच्या खटपटीतून ते प्राचीन लेखांच्या अभ्यासाकडे वळले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तोपर्यंत ते पदवीधर होऊन अध्यापकही झाले होते. वाचता न येणारी एक वस्तू हातात पडली आणि तिने जे केले ते अनेक वर्षांच्या पाठ्यपुस्तकांनी केले नव्हते. कोटातील विद्यापीठाच्या आवारात १८७८ मध्ये राजाबाई मनोरा पुरा झाला व त्याखाली भव्य ग्रंथालय उभे राहिले. मात्र त्या ग्रंथालयात बसून विद्यार्थ्याने स्वतःचा प्रश्न सोडवावा, अशी अपेक्षा करणारा विद्यापीठाचा स्वतःचा अध्यापकवर्ग पुढील चाळीस वर्षे अस्तित्वात नव्हता. १९०४ च्या विद्यापीठ अधिनियमाने अध्यापक नेमण्याचा व संशोधनास उत्तेजन देण्याचा अधिकार विद्यापीठांना दिला. कलकत्ता विद्यापीठाने आशुतोष मुखर्जी यांच्या नेतृत्वाखाली त्याचा उपयोग लवकर केला. मुंबईस त्यासाठी १९१९ साल उजाडावे लागले.

या विलंबाची किंमत कोणी दिली, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. १९१२ च्या सुमारास परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणारा एक विद्यार्थी बी. ए. ची परीक्षा उत्तीर्ण झाला. १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. ९ मे १९१६ रोजी तेथे डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्याने भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती व विकास या विषयावर निबंध वाचला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. जात हा बंदिस्त केलेला वर्ग होय आणि जातीबाहेर विवाह न करण्याचा निर्बंध हे त्या बंदिस्तपणाचे मर्म होय, ही त्या निबंधातील उपपत्ती. या विषयावर आधी लिहून गेलेल्या सेनार, नेसफील्ड, रिझली व केतकर या विद्वानांची मते तपासूनच त्याने ती मांडली होती. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, तो निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला.

ज्या जातिसंस्थेचे चटके त्या विद्यार्थ्याने याच देशात सोसले, तिच्याविषयी शास्त्रीय प्रश्न विचारण्यासाठी त्याला समुद्र ओलांडावा लागला. मुंबईत तो प्रश्न विचारता येईल अशी जागाच विद्यापीठात नव्हती. चर्चावर्गाचे वैशिष्ट्य असे की, तेथे विद्यार्थ्याचा अनुभव हा पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो आणि इतरांच्या पुराव्याप्रमाणेच त्याचीही छाननी होते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत अनुभवाला असे स्थान नसते.

गेडीस : शहर हीच प्रयोगशाळा

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा पदव्युत्तर विभाग सुरू केला आणि समाजशास्त्र व नगरशास्त्र या विषयांचे प्राध्यापक म्हणून पॅट्रिक गेडीस यांची नेमणूक केली. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ असलेले गेडीस तेव्हा पासष्टीच्या घरात होते. १९१४ पासून ते भारतातील नगरांची पाहणी करीत होते आणि मुंबई इलाख्यातील सहा नगरांच्या पुनर्रचनेविषयी त्यांनी १९१५ मध्ये अहवाल लिहिले होते.

स्थळ, काम आणि लोक या तीन गोष्टींचे परस्परसंबंध पाहिल्याखेरीज कोणत्याही समाजाचे ज्ञान होत नाही, हे गेडीस यांच्या शिकवणीचे सूत्र होते. योजना आखण्यापूर्वी पाहणी करावी, आणि पाहणी पायी हिंडून करावी, असा त्यांचा आग्रह असे. मुंबईला या आग्रहाची निकड होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्याचे व दादर-माटुंग्यासारख्या नव्या वसाहती आखण्याचे काम चालविले होते. घरे पाडल्याने गर्दी नाहीशी होत नाही, ती शेजारच्या वस्तीत जाऊन बसते, असे गेडीस यांचे प्रतिपादन होते. जुन्या वस्तीत शक्य तितके राखून आवश्यक तेवढाच छेद द्यावा, या त्यांच्या पद्धतीला पुढे नगररचनाशास्त्रात मान्यता मिळाली.

अध्यापनाच्या दृष्टीने पाहता, गेडीस यांनी विद्यार्थ्याचे लक्ष ग्रंथाकडून गल्लीकडे वळविले. गल्ली, विहीर, बाजार, देऊळ व कारखाना ही त्यांच्या दृष्टीने वाचावयाची पाने होती. असे असले तरी त्यांच्या मुंबईतील कारकीर्दीचे फळ प्रबंधांच्या रूपाने फारसे दिसत नाही, हेही नमूद केले पाहिजे. त्यांचे मन एका विषयावरून दुसऱ्या विषयावर झेप घेई, नगररचनेच्या कामासाठी त्यांचा प्रवास सतत चाले, आणि १९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने त्यांनी भारत सोडला. विद्यार्थ्याला प्रश्न सुचविणे एवढ्याने काम भागत नाही. त्या प्रश्नाच्या मागे दोन-तीन वर्षे लागून राहण्याची शिस्त त्याला लावावी लागते. तो भाग गेडीस यांच्या हातून अपुरा राहिला, आणि त्यांनीच निवडलेल्या एका विद्यार्थ्याने तो पुरा केला.

घुर्ये : प्रबंध हेच अध्यापन

गोविंद सदाशिव घुर्ये यांचा जन्म १८९३ मध्ये मालवण येथे झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातून संस्कृत विषय घेऊन ते एम. ए. झाले. समाजशास्त्राच्या उच्च अध्ययनासाठी विद्यापीठाने परदेशी पाठवावयाच्या उमेदवाराची निवड गेडीस यांच्याकडे होती. त्या प्रसंगी घुर्ये यांनी मुंबई या नागरी केंद्राविषयी निबंध लिहिला व त्यावरून त्यांची निवड झाली. पाठांतराची परीक्षा न घेता राहत्या शहरावर निबंध लिहावयास लावून उमेदवार निवडणे, ही गोष्ट लहान असली तरी विद्यापीठाच्या बदलत्या वृत्तीची निदर्शक आहे. घुर्ये प्रथम लंडनला हॉबहाउस यांच्याकडे व नंतर केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले. १९२२ मध्ये रिव्हर्स यांचे आकस्मिक निधन झाल्यावर हॅडन यांच्या देखरेखीखाली त्यांनी आपला प्रबंध पुरा केला. त्यातूनच १९३२ चा ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध झाला. १९२४ मध्ये त्यांनी मुंबईच्या समाजशास्त्र विभागाची सूत्रे हाती घेतली व १९५९ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याकडे होती.

घुर्ये यांच्या पद्धतीचा गाभा प्रबंध हा होता. त्या काळी मुंबई विद्यापीठात एम. ए. ही पदवी प्रबंध सादर करूनही घेता येई, आणि पुढे पीएच. डी. ची सोय झाली. निवृत्तीनंतरची वर्षे धरून सुमारे ८० प्रबंध त्यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिले गेले. जाती, आदिवासी जमाती, कुटुंबसंस्था, नगरे, धर्मपंथ असे त्यांचे विविध विषय होते. घुर्ये हे ग्रंथालयात रमणारे विद्वान अशी त्यांची ख्याती आहे, आणि संस्कृत ग्रंथांवरील त्यांच्या प्रभुत्वामुळे ती सकारण आहे. पण मुंबईतील कारकुनांचे पगार व नोकरीची परिस्थिती यांची पाहणीही त्यांनी केली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी थॉमस कोट्स याने वर्णिलेल्या लोणीकंद गावाची त्यांनी पुन्हा पाहणी केली व १९६० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. जुन्या पाहणीला नव्या पाहणीने उत्तर देण्याची ही रीत विद्यार्थ्यांना एक महत्त्वाची गोष्ट शिकविणारी होती. पूर्वीचे संशोधन हे शेवटचे वाक्य नसते. तेथून पुढे लिहावयाचे असते.

विभागाचे दुसरे अंग अर्थशास्त्र. तेथे के. टी. शाह व त्यांच्यानंतर सी. एन. वकील यांनी राष्ट्रीय उत्पन्न, कर, चलन या विषयांवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संशोधनास लावले. या परंपरेतूनच पुढे द. ता. लकडावाला यांच्या नेतृत्वाखाली मुंबई शहराची आर्थिक पाहणी झाली व १९६३ मध्ये ती ग्रंथरूपाने बाहेर आली. तिचा तपशील स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे समाजशास्त्रातील चार प्रबंधांचाच विचार करू.

चार प्रबंध

पहिला इरावती कर्वे यांचा. फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळविल्यावर, पेशवाईतील दक्षिणेच्या निधीतून चालत आलेली दक्षिणा फेलोशिप घेऊन त्या घुर्ये यांच्याकडे आल्या. चित्पावन ब्राह्मणांचा वांशिक अभ्यास हा त्यांचा एम. ए. चा विषय होता व १९२८ मध्ये तो प्रबंध पुरा झाला. अभ्यासविषय झालेला समाज हा त्यांचा स्वतःचाच समाज होता. घरात ऐकलेल्या परशुरामकथेकडे पुराव्याच्या नजरेने पाहण्याची सवय त्यांना येथे लागली. त्याच वर्षी त्या बर्लिनला गेल्या. तेथील मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते होते. मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशपरत्वे बदलते, हे त्यांचे गृहीत होते आणि ते तपासण्याचे काम इरावतीबाईंकडे आले. मोजमापांती असा संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो मार्गदर्शकापुढे मांडला. परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध निष्कर्ष मांडण्याचे हे धैर्य होते. त्याचे सर्व श्रेय मुंबईतील दोन वर्षांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मते मोजमापापुढे टिकली पाहिजेत, हा धडा त्यांनी प्रथम येथे गिरविला होता.

दुसरा म्हैसूरहून आलेल्या म. न. श्रीनिवास यांचा. म्हैसुरातील विवाह व कुटुंब या विषयावरील त्यांचा एम. ए. चा प्रबंध १९४२ मध्ये पुस्तकरूपाने निघाला. त्यानंतर घुर्ये यांच्याच सूचनेवरून त्यांनी कूर्गच्या लोकांचा अभ्यास पीएच. डी. साठी केला. १९४५ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले आणि तीच सामग्री त्यांनी निराळ्या दृष्टीने पुन्हा लिहिली. प्रथांचा उगम व प्रसार शोधण्याची घुर्ये यांची रीत बाजूला ठेवून, त्या प्रथा समाजाला एकत्र कशा बांधतात हे त्यांनी पाहिले. १९५२ च्या कूर्गवरील ग्रंथात त्यांनी विशद केलेली संस्कृतीकरणाची कल्पना आज प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. गोळा केलेली माहिती तीच राहून प्रश्न बदलला की ज्ञान बदलते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. मात्र माहिती कसून गोळा झालेली नसती तर नवा प्रश्न विचारण्यास आधारच उरला नसता, हेही तितकेच खरे.

तिसरा अक्षयकुमार देसाई यांचा. मार्क्सवादी राजकारणात वावरलेल्या या विद्यार्थ्याने भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवर प्रबंध लिहून १९४६ मध्ये पीएच. डी. मिळविली व १९४८ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. राष्ट्रवादाची मुळे संस्कृतीत न शोधता ब्रिटिश अमलाखाली बदललेल्या उत्पादनसंबंधांत त्यांनी शोधली. घुर्ये यांची भारतीय समाजाविषयीची दृष्टी याच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला होती. तरीही हा प्रबंध त्यांच्याच मार्गदर्शनाखाली पुरा झाला, आणि देसाई पुढे त्याच विभागात अध्यापक व विभागप्रमुखही झाले. विद्यार्थ्याने आपले मत स्वीकारावे यापेक्षा त्याने आपले मत सिद्ध करावे, ही कसोटी येथे लावली गेल्याचे दिसते.

चौथा प्रबंध या तिघांइतका प्रसिद्ध नाही, परंतु मुंबईच्या दृष्टीने तो सर्वांत जवळचा आहे. जी. आर. प्रधान यांचा मुंबई शहरातील अस्पृश्य कामगारांवरील प्रबंध विभागातील आरंभीच्या पीएच. डी. प्रबंधांपैकी एक होय, आणि १९३८ मध्ये तो पुस्तकरूपाने निघाला. सरकारच्या कामगार कचेरीने १९२१ नंतर गिरणी कामगारांच्या कौटुंबिक जमाखर्चाची मोजणी सुरू केली होती. त्या मोजणीत कामगार हा प्रामुख्याने वेतन घेणारा एकक होता. प्रधान यांनी कामगाराची जात हा प्रश्नाचा केंद्रबिंदू मानला. शहरात आल्यावर, गिरणीत वा नगरपालिकेच्या चाकरीत शिरल्यावर, अस्पृश्यता सुटते काय, हा प्रश्न त्यामुळे विद्यापीठाच्या कक्षेत आला. कोटातील विभागापासून परळ-लालबागच्या चाळी काही मैलांच्या अंतरावर होत्या. हे अंतर विद्यापीठाने ओलांडण्यास ऐंशी वर्षे लागली.

प्रश्न विचारणारा कोण?

या चार प्रबंधांची तुलना केली असता एक गोष्ट निदर्शनास येते. कर्वे यांनी स्वतःच्या ज्ञातीचा, श्रीनिवास यांनी आरंभी स्वतःच्या प्रांताचा, तर देसाई यांनी ज्या चळवळीत ते वावरले तिचा अभ्यास केला. आपण ज्यात आहोत त्याकडे दूरस्थपणे पाहण्यातून त्यांची दृष्टी घडली. चौथ्या प्रबंधात मात्र अस्पृश्य कामगार हा अभ्यासाचा विषय आहे. अभ्यासक म्हणून तो अद्याप विभागाच्या दारात आलेला नाही. याचा दोष प्रबंधकाराकडे जात नाही. त्याने प्रश्न उचलला हेच विशेष होय. तथापि, प्रश्न कोणाचा आणि तो कोणी विचारावयाचा, याचा निर्णय प्रवेशाच्या दारातच होत असतो.

त्याच वर्षांत परळमध्ये त्या दाराबाहेर दुसरे एक विद्याकेंद्र आकार घेत होते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. वसतिगृहे व वाचनालये चालविणे हा तिच्या कार्याचा भाग होता. १९१६ च्या चर्चावर्गात निबंध वाचणाऱ्या विद्यार्थ्यानेच तिचे नेतृत्व केले, आणि १९४६ मध्ये त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. संशोधनाधिष्ठित अध्यापनाच्या इतिहासात महाविद्यालयीन प्रवेशाचा हा प्रश्न सहसा घेतला जात नाही. वस्तुतः तो त्या इतिहासाचा पहिला अध्याय ठरावा. चर्चावर्गात कोण बसले आहे, यावर तेथे कोणते प्रश्न निघतील हे अवलंबून असते.

घुर्ये यांच्या पद्धतीची दुसरी मर्यादा तिच्या बळातच होती. एकाच मार्गदर्शकाभोवती सर्व विभाग फिरत असल्याने विषयांची निवड पुष्कळदा त्यांच्या योजनेनुसार होई, आणि विद्यार्थ्यांत आपापसांत चर्चा होण्यापेक्षा प्रत्येकाचा गुरूशी स्वतंत्र व्यवहार अधिक होई. १८४८ च्या सभेत जे सहज घडत होते, म्हणजे सहाध्यायाने सहाध्यायाला हटकणे, त्याला प्रबंधाच्या एकांतात अवसर कमी राहिला. गेडीस यांचे पायी हिंडणेही मागे पडले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा प्रदीर्घ संप सुरू झाला आणि पाहता पाहता गिरणगाव बदलून गेले. त्या जीवनाच्या स्मृती कामगारांच्याच तोंडून नोंदविण्याचे एक महत्त्वाचे काम मीना मेनन व नीरा आडारकर यांनी केले. त्यांचा मौखिक इतिहासाचा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रधान यांच्या प्रबंधात ज्याची पाहणी झाली तो कामगार येथे स्वतः निवेदक झाला आहे. हे काम करणाऱ्यांपैकी एक वास्तुशास्त्रज्ञ व एक पत्रकारिता-चळवळीशी संबंधित, ही गोष्ट विद्यापीठातील विभागांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

समारोप

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधनाला स्थान दिले आहे. आजवर थोड्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारा प्रबंध यापुढे पुष्कळांच्या वाट्याला येईल. हा बदल स्वागतार्ह असला तरी नियमाने प्रबंध लिहविता येतो, प्रश्न विचारविता येत नाही, हे वरील इतिहासावरून स्पष्ट व्हावे. पृष्ठसंख्या, गुण आणि मुदत ठरवून दिली तर प्रबंध हीसुद्धा एक लांबलेली उत्तरपत्रिका होऊ शकते. १८५७ च्या व्यवस्थेचीच ती पुनरावृत्ती ठरेल.

मुंबईच्या अनुभवाचे तात्पर्य थोडक्यात असे. विद्यार्थ्याचा स्वतंत्र विचार जागा झाला तो उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न अध्यापकाने त्याच्या स्वाधीन केला तेव्हा. त्या प्रश्नाची सामग्री त्याच्या हाताशी होती. ती कधी ताम्रपट होती, कधी आपली ज्ञाती, तर कधी आपल्याच शहरातील चाळ. आणि निष्कर्ष आपल्याविरुद्ध गेला तरी तो स्वीकारण्याइतके मोठे मन कोठे ना कोठे अध्यापकाजवळ होते. गेडीस यांच्याकडे यांपैकी पहिली गोष्ट विपुल होती, घुर्ये यांच्याकडे सामग्री कसून गोळा करविण्याची शिस्त होती, आणि देसाई यांच्या प्रबंधाच्या वेळी तिसऱ्या गोष्टीचाही प्रत्यय आला. त्या वर्गात कोणाकोणाला बसता येते, या प्रश्नाचे उत्तर मात्र विद्यापीठाने फार उशिरा शोधावयास घेतले, आणि तो शोध अद्याप पुरा झालेला नाही.

आज पदव्युत्तर वर्गात प्रवेश घेणारे कित्येक विद्यार्थी आपल्या घराण्यातील पहिलेच पदवीधर असतात. गिरणी बंद पडल्यावर आजोबांनी काय केले, चाळीतली खोली कशी गेली, गावाकडची जमीन का सुटली, ही माहिती त्यांच्या घरात आहे आणि ती ग्रंथालयात नाही. त्यांना विषय देण्यापूर्वी अध्यापकाने हे एकदा विचारून पाहावे. या शहरातील संशोधनाची पुढील पाने कदाचित त्या उत्तरांतूनच लिहिली जातील.